भाऊंचा फोन

सावरबोडीच्या गुणवंतराव गहाण्यांना सगळा तालुका भाऊ म्हणायचा. पाच वेळा ते आमदार झाले. सहाव्या वेळी ऐन तिकिटाच्या दिवसांत छातीत कळ आली, नागपूरच्या डॉक्टरांनी दौरे आणि सभा बंद करायला सांगितल्या, आणि पक्षानं तिकीट त्यांच्या मुलीला दिलं. दीपिका तेव्हा सिंदेवाहीला धान संशोधन केंद्रात नोकरीला होती. बांधीतल्या चिखलात उभी राहून धानाच्या लोंब्या तपासणारी बाई महिनाभरात जीपमध्ये उभी राहून हात जोडू लागली, आणि निवडून आली.

निवडून आली, तरी 'आमदार' म्हटलं की लोकांना भाऊच आठवत. विश्रामगृहातली एक नंबरची खोली भाऊंसाठी झाडून ठेवलेली असे. दीपिका गेली की तिला दोन नंबरची उघडून देत. हिवाळ्यात झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. त्यांच्या पत्रकांवर उद्घाटक म्हणून भाऊंचं नाव ठळक, आणि तिचं खाली, मंडपवाल्याच्या नावाच्या जरा वर. पहिलं वर्षभर दीपिकाला याचं हसू यायचं. पुढे येईनासं झालं.

दुसऱ्या हिवाळ्यात नागपूरच्या अधिवेशनात तिनं एक अशासकीय विधेयक मांडलं. मंत्री नसलेल्या साध्या आमदारालाही असं विधेयक मांडता येतं. ते पास होणं दुर्मीळ, पण मांडता येतं. तिच्या विधेयकात दोनच गोष्टी होत्या. माजी आमदारांचं निवृत्तिवेतन सगळ्यांना सारखं असावं, जितकी वर्षं जास्त तितकं ते वाढत जाऊ नये. आणि जो तीनदा आमदार राहिला, त्याला जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी समितीवर सन्मानाचं म्हणून कायमचं पद असू नये.

सभागृहात त्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. वर्तमानपत्रांनी पाहिलं. 'मुलीचं विधेयक, बापाला कात्री' अशी बातमी छापून आली, आणि गुणवंतरावांनी ती अंगणात, कामं घेऊन आलेल्या माणसांच्या देखत वाचली. दीपिकानं त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणून तिनं फोन हातात घेतला होता, आणि तसाच ठेवून दिला होता.

शनिवारी ती घरी आली. दुपारची जेवणं चालली होती. तिच्या आईनं, रुखमाबाईंनी, पोपटाच्या शेंगांच्या दाण्यांची आमटी केली होती. गुणवंतरावांनी भात कालवला, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मले विचारलं असतं तं भाषा सुधारून देल्ली असती. तुह्या दुसऱ्या कलमात पळवाट आहे."

"कोणती?"

"पद नाई घेतलं तरी सल्लागार म्हणून बसता येते न. माह्यासारखा माणूस तिथून आत घुसते."

दीपिका हसली. रुखमाबाई हसल्या नाहीत.

"आन पेन्शनचं म्हणशीन," गुणवंतराव म्हणाले, "तं माह्या आधी इथी आमदार होते, त्यायले म्हातारपणी औषधाचे वांधे झाले होते. मी गेल्तो पाहाले. खाटेवर दोरीबी धड नोती. त्यायनं इमानदारीत दिवस काढले, म्हणून तशी गत झाली."

"तशा माणसाले भेटते तेवढं भेटतच राहीन बाबा. एकदा आलेल्याले आन पाचदा आलेल्याले सारखंच, एवढंच माहं म्हणणं आहे."

"पाचदा येणं तुले सोपं वाटते का?"

"सोपं नाई. पण बियाणंबी तीन सालानं बदलाव लागते. तुमीच सांगत होते सभेत."

"मी बियाणं होय का?" ते म्हणाले, आणि आता मात्र रुखमाबाईंनाही हसू आलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. उष्ट्या हातानंच ते उठले, डाव्या हातानं फोन कानाला लावून पडवीत गेले. "हो. हो. करून टाका तुमी. मी आहो," एवढंच आत ऐकू आलं. ते परत येऊन बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर टवटवी होती. दीपिकाला वाटलं, विधेयकाचं अवघड बोलणं इतकं सहज निभावलं. बाबा रागावलेले नाहीत.

दोन दिवसांनी ती इरुकटोल्याला गेली.

इरुकटोला म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं गोंडांचं गाव. गावाआधी एक नाला आहे. हिवाळ्यात गाडी त्यातल्या घोट्याएवढ्या पाण्यातून निघून जाते; पावसाळ्यात तो गावाला जगापासून तोडतो. या गावाला आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळालेला होता. बांबू आणि तेंदूपान ते स्वतः विकत, आणि सगळे निर्णय ग्रामसभेत घेत. सभा गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, अंगणात भरे. त्या वर्षी सभेची अध्यक्ष सोमारी होती, पन्नाशीची, आवाज बारीक पण बोलणं थेट.

जोहार झाले, पाणी झालं. दीपिकानं लोकांना विधेयक समजावून सांगितलं. तिला ते सांगायला आवडत होतं, इथे तर जास्तच, कारण हे गाव तिच्या बापाच्या मागे कधी मेंढरांसारखं गेलं नव्हतं. सोमारीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती शेजारच्या बायांशी गोंडीत काहीतरी बोलली, आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"काय म्हणून राह्यल्या?" दीपिकानं विचारलं.

"म्हणून राह्यली का, पेन्शन घेवो न बापा, म्हातारा माणूस आहे," सोमारी म्हणाली. "फोन नोको करू म्हणा."

"कोणता फोन?"

सोमारीनं तिच्याकडे पाहिलं. थट्टा करते आहे की खरंच माहीत नाही, हे जोखत असल्यासारखं. "तुमाले ठाऊक नाई?"

मग तिनं सांगितलं. त्यांच्या नाल्यावर पूल मंजूर झाला होता. माणसं येऊन माती तपासून गेली, दोन्ही काठांवर चुन्याच्या खुणा करून गेली. दिवाळीनंतर काम सुरू होणार होतं. दिवाळी गेली, आणि मशीन आली ती दुसऱ्या बाजूला, चिखलबोडीच्या ओढ्यावर. गावाची चार माणसं बांधकामाच्या कार्यालयात गेली. तिथे सांगण्यात आलं, भाऊंचा फोन आला होता, पूल या वर्षी तिकडे होईल.

"मंग आमी भाऊकडे गेलो," सोमारी म्हणाली. "त्यायनं चहा पाजला. पुढच्या सालचं पाहू म्हणाले."

"माह्याकडं काऊन नाई आल्या?"

अंगणात जरा चुळबुळ झाली. उत्तर सोमारीनं दिलं नाही, बुधरीनं दिलं. तिचा नवरा तिच्या मागेच बसला होता. गेल्या पावसाळ्यात झाडावरून पडून त्याचा पाय मोडला होता. नाल्याला पूर होता, पूर ओसरेपर्यंत पाय घरीच बांधून ठेवला, आणि तो वाकडा जुळला. आता तो काठी घेऊन चालायचा.

"तुमच्याकडं येऊन काय होते बाई?" बुधरी म्हणाली. "तुमी बी भाऊलेच विचारसान."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. 

सभा पुढे चालू राहिली. बांबूच्या गाड्यांचं बोलणं झालं, वणव्याच्या दिवसांत राखणीला कोणी जायचं ते ठरलं. दीपिका ऐकत होती आणि ऐकत नव्हती. सभा उठल्यावर लालसू तिच्याजवळ आला. या गावाला जंगलाचा हक्क मिळवून दिला तो लालसूनं. कित्येक वर्षं तोच अध्यक्ष होता. आता तो अध्यक्ष नव्हता. गावानं नियम केला होता, एकदा अध्यक्ष झालेल्या माणसानं लागोपाठ दुसऱ्यांदा व्हायचं नाही, आणि तो नियम पहिल्यांदा लागला तो त्यालाच.

"बुधरीच्या बोलण्याचं मनावर नोका घेऊ," तो म्हणाला.

"नाई. खरंच बोलली ते." तिनं थोडं थांबून विचारलं, "लालसूभाऊ, तुमी सोडलं तवा कसं वाटलं होतं?"

लालसू कसनुसा हसला. "पहिल्या साली लगित आंग दुखे. सभेत बसलो का जीभ वळवळे. वाटे, हे चुकून राह्यले, मले विचारत काऊन नाईत? एकदा उठून घरीच चालला गेलो होतो." त्यानं अंगणाकडे पाहिलं. "मी होतो तवा या बाया तोंड उघडत नोत्या. कायले उघडतीन? लालसू बोलतेच म्हणत. आता सोमारी मले गप बसवते."

"मंग बरं वाटते आता?"

"कवा वाटते, कवा नाई वाटत," लालसू म्हणाला.

परतीच्या वाटेवर दीपिकानं गाडी चिखलबोडीकडून घ्यायला लावली. ओढ्याच्या काठावर पिवळी मशीन उभी होती. पायाचं खोदकाम अजून सुरू व्हायचं होतं. चिखलबोडीला पक्का रस्ता होता, दुसऱ्या अंगानं. या पुलानं गावाला ओढ्यापलीकडच्या धानाच्या बांध्यांकडे जायचा फेरा वाचणार होता. तेवढंच. तिनं गाडीतून उतरून ते सगळं पाहिलं आणि घरी आली.

गुणवंतराव पडवीत खुर्चीवर होते. माणसं निघून गेली होती. ती समोर बसली.

"बाबा, इरुकटोल्याचा पूल तुमी चिखलबोडीले नेला?"

त्यांनी नाकारलं नाही. "मुखरूनं मागितला."

मुखरू चिखलबोडीचा. गुणवंतरावांच्या पहिल्या निवडणुकीत तो त्यांच्याबरोबर सायकलीनं जंगलातली गावं फिरला होता. एका गावात विरोधकांची माणसं अंगावर आली तेव्हा तो मध्ये पडला. भाऊंवर आलेली काठी त्याच्या डोक्यावर बसली, आणि तेव्हापासून त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. दीपिकाला हे लहानपणापासून माहीत होतं. तो घरी आला की आई बाबांचा पाट त्याच्या उजव्या हाताला मांडायची.

"त्यानं इतक्या वर्षांत मले काई मागितलं नाई," गुणवंतराव म्हणाले. "ना पोराले नोकरी, ना ठेका. आता हे पहिल्यांदा मागितलं. मी नाई म्हणू?"

"तुमी आमदार नाई आहा बाबा."

"म्हणून नातं संपते का?"

"नातं ठेवा न. पण त्याच्या कानाची भरपाई इरुकटोल्यानं काऊन द्यायची?"

गुणवंतरावांचा चेहरा आवळला गेला. ते आवाज चढवणारे नव्हते. सभेतसुद्धा ते रागावले की हळू बोलत. तसंच हळू म्हणाले, "तू कोणाच्या नावावर निवडून आली?"

"तुमच्या."

"मंग?"

"म्हणूनच बोलून राह्यली. दुसरी कोणी आमदार असती तं तिनं तुमाले एव्हाना अडवलं असतं. मी आहो म्हणून तुमचा फोन चालते. ते विधेयक वगैरे मी तिकडं नागपुरात मांडून राह्यली, आन इथी तुमची सहावी टर्म मीच चालवून राह्यली."

ते उठले आणि आत गेले. दाराशी रुखमाबाई उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला वाट दिली, मग लेकीजवळ येऊन बसल्या.

"फोन वाजला नाई न दिवसभर, तं ते घरात इकडून तिकडं फिरतात," त्या म्हणाल्या. "बिघडला का म्हणून मले सांगतात, तुह्या फोनवरून मले लावून पाय. मी लावते. वाजते. मंग ठेवून देतात."

दीपिकाला हे ठाऊक नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुखरूकडे गेली. कार्यालयात जाण्याआधी त्याच्याकडे जावं असं तिला वाटलं. दुसऱ्या कोणाकडून त्याला हे कळू नये. मुखरू खळ्यावर होता. धानाची चुरणी चालली होती, हवेत भुसा उडत होता. तिला पाहून त्यानं हातातलं सूप खाली ठेवलं आणि घोंगडी झटकून अंथरली. ती त्याच्या उजव्या बाजूला बसली आणि जे होतं ते सांगितलं. पूल इरुकटोल्याचा होता, त्यांच्या नाल्यावर मंजूर झालेला. तो तिथेच होईल. चिखलबोडीचा प्रस्ताव ती आपल्या नावानं मांडेल, पण तो त्याच्या पाळीनंच येईल.

मुखरूनं सगळं ऐकलं. "त्यायचा काढून आमाले देल्ला, हे मले नोतं ठाऊक," तो म्हणाला. "भाऊ म्हणाले, होऊन जाते."

"ठाऊक आहे काका."

"पण आता गावात काय सांगू मी? मशीन आली तवा मी नारळ फोडला. पोट्टे म्हणत होते, मुखरूबुवाचा पूल." त्याचा आवाज चिरकला. "माह्या नावाचं काई तरी होऊन राह्यलं होतं. लोक हसतीन आता."

 दीपिका म्हणाली, "माह्यावर राग काढा. बाबावर नोका काढू."

"तुमच्यावरच काढून राह्यलो," मुखरू म्हणाला. "तुमी लहानपणी या खळ्यात खेळल्या आहा म्हणून बसवलं. नाई तं बसवलं नसतं. पुढच्या खेपेले इथी मतं मागाले येऊ नोका."

त्यानं सूप उचललं आणि तो वाऱ्याकडे पाठ करून धान उधळू लागला. ती थोडा वेळ बसून राहिली, मग उठून आली. 

बांधकामाच्या कार्यालयात साहेबांनी तिला चहा मागवला. साहेब सभ्य माणूस होता, बदलीची धास्ती घेऊन जगणारा. सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर आहे. मूळ मंजुरी तिकडचीच आहे. फक्त भाऊंशी एकदा बोलून घ्या."

"आमदार मी आहे."

"हो हो, ताई. पण उद्या भाऊ म्हणतील, मला सांगितलं नाही."

"मग तुम्हीच लावा फोन," दीपिका म्हणाली. "माझ्यासमोर लावा."

साहेबानं चाचरत फोन लावला आणि टेबलावर, दोघांना ऐकू येईल असा ठेवला. पहिल्याच घंटीला तो उचलला गेला. साहेबानं नमस्कार घातला, तब्येत विचारली, आणि आमदार ताई आल्या आहेत, पूल परत इरुकटोल्याला न्या म्हणतात, असं सांगितलं. "काय करायचं भाऊ?"

 पलीकडून फक्त रुखमाबाईंच्या भांड्यांचा आवाज आला. 

"मले काऊन विचारता?" गुणवंतराव म्हणाले. "आमदारबाई तुमच्यासमोर बसून आहे न." आणि फोन बंद झाला.

हे रागानं होतं की मान्य केल्यामुळे, तिला कळलं नाही. साहेबालाही कळलं नसावं. पण त्यानं शिपायाला बोलावून चिखलबोडीची मशीन उचलायचा निरोप दिला.

ही गोष्ट तालुक्यात पसरायला वेळ लागला नाही. 'भाऊंनी फोन ठेवला' असं लोक म्हणू लागले. मग पडवीतली गर्दी ओसरली. काही जण दीपिकाच्या कार्यालयात यायला लागले. काहींनी दुसऱ्या पक्षाचा रस्ता धरला. चिखलबोडीहून तर कोणीच आलं नाही. गुणवंतराव तिच्याशी कामापुरतं बोलत. पाणी दे, गाडी कधी येणार, एवढंच. संक्रांतीला तिनं तीळगूळ दिला तो त्यांनी घेतला, पण गोड बोल म्हणाले नाहीत. ते सकाळी तलावाच्या पाळीवर चालायला जात आणि ऊन तापल्यावर परत येत. रुखमाबाई सांगत, आज शेतात कोहळे लावले, आज लाखोळीचं पीक उपटलं. गड्यावर ओरडतात, म्हणजे बरे आहेत.

मार्चमध्ये मुंबईच्या अधिवेशनात तिचं विधेयक चर्चेला आलं. शुक्रवारची संध्याकाळ, बरेच बाक रिकामे. मंत्र्यांनी भावना चांगली असल्याचं सांगितलं, सरकार विचार करील म्हणाले, आणि विधेयक मागे घ्यायची विनंती केली. अशी विनंती झाली की ते मागे घ्यायचं, ही पद्धत आहे. दीपिका उभी राहिली आणि मागे घेणार नाही म्हणाली. आवाजी मतदान झालं. तिच्या 'होय'बरोबर मागच्या बाकांवरून आणखी दोन-तीन आवाज आले. बाकीचं सभागृह 'नाही' म्हणालं, काही जण हसत, काही जण मोबाइलमधून मान वर न करता. ज्येष्ठ सदस्यांपैकी एक जण बाहेर भेटला. वडिलांच्या वयाचा. म्हणाला, "बेटा, तूही म्हातारी होशील." वाईट हेतूनं म्हणाला नाही.

मेमध्ये इरुकटोल्याच्या नाल्यात पुलाचे खांब उभे राहिले. पाऊस येण्याआधी वरचा भाग होईल की नाही, यावर गावात पैजा लागल्या होत्या. दीपिका काम पाहायला गेली, तर सोमारीनं तिला सभेलाच बसवलं. तेंदूपानाचा हंगाम नुकताच आटोपला होता, माणसं उन्हानं काळवंडली होती. बुधरीचा नवरा सावलीत पाय पसरून बसला होता.

सभेच्या शेवटी दीपिका उभी राहिली. तिनं हे आधी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"ही पाच वर्षं झाली का मी पुन्हा उभी राहणार नाई," ती म्हणाली. "गहाण्यांच्या घरातून कोणीच राहणार नाई. हे तुमच्यासमोर सांगून ठेवते."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा म्हणाला, "असं सगळेच म्हणतात."

"म्हणतात," सोमारी म्हणाली. "पण आमच्या अंगणात येऊन कोणी म्हणलं नोतं. आमी ध्यानात ठेवू बाई. विसरल्या तं याद करून देऊ."

"द्या," दीपिका म्हणाली.

लालसू एका बाजूला बसून होता. त्यानं तिच्याकडे पाहून हळूच आपलं अंग दाबून दाखवलं, दुखेल म्हणून. तिला हसू आलं.

ती बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. ती आली तेव्हा आई ताटं घेत होती. गुणवंतराव पाटावर बसले होते. ती हातपाय धुऊन त्यांच्यासमोर बसली. 

"तुह्या विधेयकाच्या दिवशी मी असतो न सभागृहात," गुणवंतराव अखेर म्हणाले, "तं मीबी 'नाही'च म्हणलं असतं."

"ठाऊक आहे बाबा."

"पण मागं नाई घेतलं, ते पाह्यलं मी. टीव्हीवर." त्यांनी भाताला चव पाहिल्यासारखा हात लावला. "आता हे काय ऐकून राह्यलो? पुन्हा उभी नाई राहत म्हणे."

"हो."

"अजून लगित वेळ आहे. बदलशीन तू. मीबी पहिल्या टर्मले म्हणलं होतं, एकदाच. तुह्या आईले विचार."

"म्हणलं होतं," रुखमाबाई म्हणाल्या.

"बदलीनबी," दीपिका म्हणाली. "म्हणून तं सगळ्यायच्या समोर सांगून आली. इथी घरात सांगितलं असतं तं तुमी आन मी मिळून विसरून गेलो असतो."

गुणवंतरावांनी मान हलवली. माणसं ओळखण्यात ज्याची हयात गेली त्यानं समोरच्याला पुन्हा एकदा नीट पाहावं, तसं ते तिच्याकडे पाहत होते. मग त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली, आणि ते थोडे पुढे वाकले.

"बरं, मंग कोणाले पाह्यलं तू? तुह्या जागेवर? बायामंदी ते सोमारी चांगली बोलते म्हणतात. का आपल्या तालुक्यातला एखादा पोट्टा? आतापासून तयार कराव लागते. मी बसतो त्याच्यासोबत, लोकायची ओळख करून देतो..."

"बाबा," दीपिका म्हणाली, "मी कोणाले पाहू नोये. तुमीबी नोये. तेच तं आहे."

ते थांबले. तोंड अर्धवट उघडंच राहिलं. पाच निवडणुका, एवढे मंत्री, एवढे पक्षाचे वाद पाहिलेल्या या माणसाला हे कधी सुचलं नसावं, की जागा रिकामी ठेवून आपण उठून जायचं असतं आणि पुढे कोण बसलं ते मागे वळून पाहायचं नसतं. ते विचार करत राहिले. रागावले नाहीत. पटलं, असंही काही म्हणाले नाहीत.

"कठीण आहे," ते शेवटी म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि लेकीच्या ताटाकडे बोट दाखवलं. "वाढ तिले. भात तसाच राह्यला."